अर्ध्या आवाजाचा इतिहास: एसएसबी आणि हातातला रेडिओ

१/१४
लघुलहरींच्या रेडिओचा काटा ७ मेगाहर्ट्झच्या आसपास फिरवताना कधी कधी बदकाच्या ओरडण्यासारखा विचित्र आवाज ऐकू येतो. लय माणसाच्या बोलण्याची असते, पण शब्द एकही कळत नाही. हा रेडिओतला बिघाड समजून अनेक जण काटा पुढे सरकवतात. वस्तुतः पलीकडे कुणीतरी अगदी स्पष्ट बोलत असते. ते उलगडण्याचे साधन मात्र आपल्या संचात नसते. हा धागा त्या आवाजाच्या इतिहासाचा, आणि तो ऐकण्यासाठी लागणाऱ्या संचाचा.

२/१४
आधी थोडे गणित. आकाशवाणीची मध्यमलहरींवरील केंद्रे ज्या एएम पद्धतीने बोलतात, तिच्यात तीन घटक असतात. मध्यभागी वाहक लहर आणि तिच्या दोन्ही अंगांना आवाज वाहून नेणारे दोन पट्टे, म्हणजे साइडबँड. वाहक ७१०० किलोहर्ट्झवर असेल आणि आवाज ३ किलोहर्ट्झपर्यंतचा असेल, तर वरचा पट्टा ७१०३ पर्यंत जातो आणि खालचा ७०९७ पर्यंत उतरतो. दोन्ही पट्ट्यांत मजकूर तोच असतो, जणू आरशातले प्रतिबिंब.

३/१४
आता खर्च पाहा. एकाच स्वराने पूर्ण क्षमतेचे एएम प्रक्षेपण केले आणि एकूण शक्ती १५० वॅट धरली, तर १०० वॅट एकट्या वाहकात जातात. प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम २५ वॅट येतात. वाहकात आवाजाचा अंशही नसतो. म्हणजे दोन तृतीयांश शक्ती रिकाम्या गाडीवर खर्ची पडते, आणि मालही दोनदा पाठवला जातो.

४/१४
ही उधळपट्टी गणिताने उघडी पाडली अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीतील अभियंता जॉन रेनशॉ कार्सन यांनी. वाहक दाबून टाकावा, एक पट्टा गाळावा आणि उरलेला एकच पट्टा पाठवावा, अशी त्यांची योजना होती. पेटंटसाठी अर्ज १९१५ च्या डिसेंबरात झाला. पेटंट मिळाले १९२३ मध्ये. हेच सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी. टेलिफोन कंपनीचा यातला स्वार्थ सरळ होता: एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेता येणार होती.

५/१४
७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात व्यावसायिक रेडिओ-टेलिफोन सेवा सुरू झाली, ती याच तत्त्वावर. लहर दीर्घ होती, सुमारे ६० किलोहर्ट्झची. इतक्या खालच्या वारंवारतेवर प्रचंड अँटेनाही फार अरुंद पट्टाच नीट सोडू शकत असे. त्यामुळे एकच साइडबँड पाठवणे ही काटकसर होती, तशीच गरजही. तीन मिनिटांच्या संभाषणाला तेव्हा ७५ डॉलर पडत.

६/१४
मग साऱ्या जगाने लगेच एसएसबी का स्वीकारले नाही? कारण प्रेषकाने वाचवलेले श्रोत्याला भरून द्यावे लागते. गाळलेला वाहक ग्राही संचाला स्वतः निर्माण करून नेमक्या जागी बसवावा लागतो. तो ५० हर्ट्झने चुकला तरी बोलणे समजते. काहीशे हर्ट्झने चुकला की माणसाचे बदक होते. घराघरातल्या स्वस्त संचाकडून ही अचूकता कुणी मागावी? म्हणून प्रसारणाने एएम ठेवले आणि एसएसबी तज्ज्ञांच्या हाती राहिले. या धाग्यातले पुढचे सारे या एका देवाणघेवाणीतून निघते.

७/१४
दुसऱ्या महायुद्धानंतर स्फटिकांचे आणि यांत्रिक फिल्टर सुधारले, तसे चित्र बदलले. हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, एसएसबी उचलून धरले. अमेरिकी हवाई दलाच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडने १९५० च्या दशकात तेच विमानांत बसवले; तिचे प्रमुख कर्टिस लमे स्वतः हॅम होते. महासागरावरून उडणाऱ्या विमानांशी लघुलहरींवर बोलण्याची पद्धतही पुढे हीच झाली. अरबी समुद्रावरील विमाने आणि मुंबई यांच्यातील असा संवाद एसएसबीतच चालतो.

८/१४
ही अचूकता हातात धरून नेण्याजोग्या संचात आणणे हे वेगळेच आव्हान होते. तापमान बदलले की संचातील आंदोलक, म्हणजे ऑसिलेटर, सरकतो आणि जुळवलेला आवाज बिघडतो. दक्षिण आफ्रिकेचे ट्रेव्हर वॉडली यांनी हे सरकणे मंडलाच्या रचनेतच परस्पर रद्द होईल अशी युक्ती योजली होती. ब्रिटनच्या रॅकल कंपनीच्या आरए-१७ या अवजड संचात ती आधी वापरली गेली. मग १९७० च्या दशकाच्या आरंभी तीच युक्ती बॅटरीवर चालणाऱ्या बार्लो वॉडली एक्ससीआर-३० मध्ये उतरली.

९/१४
पुढचा टप्पा १९८५ चा. सोनीचा आयसीएफ-२००१डी, अमेरिकेतील नाव आयसीएफ-२०१०. यात वारंवारता आकड्यांची बटणे दाबून थेट द्यायची सोय होती आणि काटा १०० हर्ट्झच्या पावलांनी सरकत असे. स्थैर्य आता स्फटिकाच्या आधारे चालणाऱ्या सिंथेसायझरकडे आले. आज टेकसनसारख्या कंपन्यांचे छोटे संच हेच काम करतात. त्यांतील अनेकांत संकेतावर एका चिपमध्येच अंकीय प्रक्रिया होते.

१०/१४
आज संच निवडायचा तर हा इतिहासच कसोटी पुरवतो.
पहिली: एसएसबीची सोय आहे का? डब्यावर ‘शॉर्टवेव्ह’ एवढेच लिहिलेले पुरेसे नाही. यूएसबी आणि एलएसबी, म्हणजे वरचा आणि खालचा पट्टा, स्वतंत्रपणे निवडता आले तर उत्तम.
दुसरी: पाऊल किती लहान? १ किलोहर्ट्झच्या पावलात चूक ५०० हर्ट्झपर्यंत जाऊ शकते. म्हणून बारीक जुळणीची चकती किंवा १० हर्ट्झचे पाऊल हवे.
तिसरी: फिल्टर अरुंद करता येतो का? एसएसबीला साधारण ३ किलोहर्ट्झ पुरतात. त्याहून रुंद दार उघडले की शेजारीही आत येतो.

११/१४
एक गल्लत टाळावी. ‘सिंक्रोनस डिटेक्शन’ आणि एसएसबी एक नव्हेत. पहिले एएम प्रसारण विरताना होणारी आवाजाची मोडतोड आवरते. त्याला पकडायला वाहक लागतो. दुसऱ्यात वाहकच नसतो. जाहिरातीत पहिले वाचून दुसरे गृहीत धरू नये.
विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा करावी: एखादे बलवान एएम केंद्र एसएसबीवर लावावे. शिटी ऐकू येईल. बारीक जुळणीने ती उतरत नेऊन नाहीशी करावी आणि दहा मिनिटे थांबावे. शिटी परतली, तर संच सरकतो आहे.

१२/१४
ऐकण्याची रीतही ध्यानात ठेवावी. हॅम मंडळींचा संकेत असा, की १० मेगाहर्ट्झच्या खाली साधारणतः एलएसबी आणि वर यूएसबी. भारतातील हॅमसाठी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा सकाळी ऐकण्याजोगा असतो. दूरच्या देशांसाठी दिवसा १४ मेगाहर्ट्झ पाहावा. यूएसबीवर आवाज चिरका वाटला तर आकडा किंचित वाढवावा. एलएसबीवर किंचित कमी करावा. घाई करू नये. आवाज एका क्षणी अकस्मात माणसाचा होतो, आणि तो क्षण विसरत नाही.

१३/१४
शहरातील मोठा शत्रू म्हणजे घरातील विजेचा गोंगाट: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. संच बॅटरीवर चालवावा, खिडकीशी किंवा गच्चीवर न्यावा, आणि चार-पाच मीटर साधी तार अँटेनाला चिमट्याने जोडावी. पाऊस-विजेच्या दिवसांत ती तार काढून ठेवावी. हॅमचे बोलणे खुले असते, ते निःसंकोच ऐकावे. विमाने, जहाजे किंवा शासकीय सेवांचे संवाद आपल्यासाठी नसतात. त्यांतला मजकूर नोंदवून पसरवू नये.

१४/१४
हे सारे कशासाठी? डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला भूकंप झाला, त्सुनामी आली आणि अंदमानचा टेलिफोन संपर्क तुटला. त्या दिवसांत या हॅम मंडळींच्या संचांवरून बेटांवरच्या माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. बीबीसी हिंदीचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबले, तेव्हा ‘लघुलहरी संपल्या’ असे अनेकांना वाटले. पण प्रसारण ओसरले तरी संवाद ओसरलेला नाही. कार्सन यांनी वाहक गाळला, म्हणून एका माणसाच्या छोट्या बॅटरीलाही समुद्र ओलांडता येतो. तो परत जोडण्याचे काम त्यांनी आपल्यावर, ऐकणाऱ्यावर, सोपवले. पुढच्या वेळी काट्याखाली बदक ओरडले, तर पुढे सरकू नका. तिथे कुणीतरी बोलत असेल.