वीराची शेवटची सोबत

लग्नाला बोलावणे लागते, मयताला लागत नाही. कोणाकडे काही बरेवाईट झाल्याची वार्ता कानी आली की शेजारी हातातले काम टाकून उठतो आणि चार पावले तरी बरोबर चालून येतो. खांदा कोणी द्यायचा याला नात्यागोत्याचे नियम आहेत. मागून चालण्याला कसलाच नियम नाही. हा आपला जुना शिरस्ता. अलीकडच्या पंचवीस वर्षांत त्याला एक नवे रूप आलेले आपण पाहतो. सीमेवर पडलेल्या जवानाचे पार्थिव गावी निघाले की त्या गाडीच्या पुढेमागे तरुण मुले आपापल्या मोटारसायकली घेऊन चालू लागतात. त्यांना कोणी नेमलेले नसते. भत्ता नसतो, गणवेश नसतो. ही प्रथा आली कोठून, तिचे मोल काय आणि तिला मर्यादा कोणती, याचा थोडा विचार आज आपण करू.

वीराला सोबत द्यावी ही कल्पना नवी नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत, महादेवाच्या देवळापाशी किंवा वेशीजवळ, अर्धे जमिनीत गेलेले वीरगळ दिसतात. पुष्कळदा त्या वीराचे नावही आता गावाला ठाऊक नसते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, किंवा गुरे वळवून नेणाऱ्यांशी झालेली झटापट, आणि पडलेला वीर. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर सूर्य आणि चंद्र. या दोहोंच्या मध्ये अप्सरा त्याला वर नेताना कोरलेल्या असतात. म्हणजे रणांगण आणि कैलास यांच्यामधला प्रवासही दाखविण्याजोगा आहे, आणि तो वीराने एकट्याने करायचा नाही, असे त्या पाथरवटाला आणि त्याच्या गावाला वाटत होते.

प्रत्यक्षात मात्र अशी सोबत फार थोड्यांच्या वाट्याला आली. आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. जून १८५७ मध्ये येथल्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडेस्वारांनी बंड केले. ते मोडल्यावर कित्येकांना देहदंड झाला. कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी. क्रांती चौकातील काळा चबुतरा ही त्याची खूण. त्यांच्यामागून उघडपणे चार पावले चालण्याची मुभा तरी कोणाला असणार? पुढे परक्या मुलखातली युद्धे आली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला पुतळा उभा राहिला. पण त्यांची समाधी कोठे आहे हे ज्ञात नाही, आणि कासिनो येथील स्मारकावर केवळ नाव कोरलेले आहे. स्वातंत्र्यानंतरही रणांगणाजवळच अंत्यसंस्कार करण्याची रीत बव्हंशी चालू राहिली. हैदराबाद संस्थानच्या लष्करात उमेदवारी केलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सप्टेंबर १९६५ मध्ये चाविंड्याच्या लढाईत कामी आले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना रणभूमीवरच अग्नी देण्यात आला. शिपायाच्या घरी यायची ती तार, आणि मागाहून त्याचे सामान. गावाने पोचवायला जायचे ते कोणाला?

१९९९ च्या कारगिल युद्धाने ही स्थिती पालटली. त्या युद्धात सरकारी आकड्याप्रमाणे आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले, आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या विमानाने, मग मोटारीने, त्यांच्या गावी पोचत्या करण्यात आल्या. घरच्यांना शेवटचे दर्शन मिळाले. त्याचबरोबर शहर आणि गाव यांच्यामधल्या रस्त्यालाही एक अर्थ आला. आपल्या जिल्ह्याने हे दुःख अनेकदा सोसले आहे. सिल्लोड तालुक्यातील केळगावचे संदीप जाधव जून २०१७ मध्ये पूंछ भागात पडले. वैजापूर तालुक्यातील किरण थोरात एप्रिल २०१८ मध्ये त्याच सीमेवर पडले. सिल्लोडचा रस्ता एका दिशेला, वैजापूरचा दुसऱ्या. पण असा जवान ज्या ज्या वाटेने घरी जातो, तेथे फाट्याफाट्यावर माणसे उभी राहतात.

या सोबतीसाठी मोटारसायकलच का पुढे आली, याचे उत्तर साधे आहे. पूर्वी गाव पायी निघे, फार तर बैलगाडी जुंपी. आज शेतकऱ्याच्या घरातले वाहन म्हणजे फटफटी. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना निघाला, आणि मोटारसायकली बनविणारे शहर ही आपली एक ओळख झाली. ती अरुंद रस्त्याने जाते, दूध पोचवते, आजाऱ्याला दवाखान्यात नेते. मग गावच्या पोराला आणायलाही तीच निघाली, यात नवल नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडेच घडली असेही नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००५ साली एका लहान पंथाचे लोक सैनिकांच्या अंत्यविधीच्या जागी जाऊन, हे मरण म्हणजे देशाच्या पापांची शिक्षा आहे, असे फलक नाचवू लागले. तेव्हा तेथल्या मोटारसायकलस्वार माजी सैनिकांनी ‘पेट्रियट गार्ड रायडर्स’ हे मंडळ काढले. स्मशानाबाहेर ध्वज घेऊन त्यांनी रांग धरावी, म्हणजे घरच्यांना ते फलक दिसू नयेत. घोषणा फार वाढल्या तर इंजिनाच्या आवाजात त्या बुडवाव्यात. पुढे २०११ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला, की ते बोलणे कितीही क्लेशकारक असले तरी भाषणस्वातंत्र्यात बसते. जे काम कायदा करू शकला नाही, ते शेजारधर्माने केले. पण आम्हांस त्या मंडळाचा एक नियम सर्वांत मोलाचा वाटतो : घरच्यांनी बोलावल्यावाचून जायचे नाही.

इंग्लंडमध्ये वूटन बॅसेट या छोट्या गावाने वेगळी वाट धरली. २००७ पासून २०११ पर्यंत जवळच्या विमानतळावर उतरलेली सैनिकांची पार्थिवे त्या गावच्या मुख्य रस्त्याने जात. आरंभी काही जुने सैनिक रस्त्याकडेला उभे राहिले, मग दुकानदार, मग सारे गाव. घंटा वाजे, बाकी शांतता. मार्च २०१० मध्ये हजारो मोटारसायकलस्वारांनी त्या गावाचे आभार मानण्यासाठी तेथून फेरी काढली.

आता आपल्याकडे वळू. येथे जवानाच्या चितेपाशी फलक नाचविणारा कोणी नाही, हे आपले भाग्य. आपला धोका उलट बाजूचा आहे. तो प्रेमाचा आहे. मयताला बोलावणे लागत नाही, हा शिरस्ता शंभर उंबऱ्यांच्या गावात शोभतो, कारण तेथे येणारा प्रत्येक जण ओळखीचा असतो आणि कोठे थांबायचे हे त्याला कळते. हजारो अनोळखी माणसे आली की तोच शिरस्ता घरच्यांना जड जातो. भोंगे वाजतात, घोषणांची चढाओढ लागते, मोबाइल उंच धरून माणसे शवपेटीवर वाकतात, आणि जिचा मुलगा गेला ती आई गर्दीच्या पाठीमागे राहते. लष्कराच्या मानवंदनेत पाहा, प्रत्येक गोष्ट आखलेली आहे : शस्त्रे उलटी धरणे, बिगुल, हवेत झाडलेल्या फैरी. ध्वज चितेवर जळू द्यायचा नाही, ही ध्वजसंहितेची आज्ञा. तो उतरवून घडी करून घरच्यांच्या हाती देतात. त्या साऱ्या विधीचा शेवट घरच्यांपाशी होतो. आमच्या मते स्वयंसेवकांच्या सोबतीचीही कसोटी हीच असावी.

याहून एक अवघड प्रश्न उरतो. रणात पडलेल्याला सोबत मिळते. रणातून परतलेल्याचे काय? १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीला आला आहे. तो एखाद्या दिवशी आपल्या खाटेवर, फारसा गाजावाजा न होता जाईल. त्याच्यासाठी विमान येणार नाही आणि फाट्यावर कोणी उभे राहणार नाही. अमेरिकेत २००७ पासून एक संस्था वारस नसलेल्या माजी सैनिकांच्या बेवारस अस्थी शोधून काढते आणि त्यांचे सन्मानाने दफन करविते. तेव्हाही स्वयंसेवक मोटारसायकली घेऊन सोबतीला जातात. तेथे रडणारे घरचे कोणी नसते, म्हणून हे अनोळखी लोकच घरचे होतात.

हे आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. गल्लीत, वसाहतीत, गावात कोण माजी सैनिक राहतो हे ठाऊक असावे. तो गेल्याचे कळल्यावर घरी एकाने जाऊन विचारावे, आम्ही आलो तर चालेल का? होकार आला तर दहा-बारा जणांनी दोन रांगांत, भोंगा न वाजवता, वैकुंठरथाच्या गतीने जावे. पायी चालणाऱ्यांच्या गतीने मोटारसायकल हाकणे सोपे नसते. इंजिन तापते, क्लच धरलेला हात भरून येतो. तेवढा त्रास आपण सोसावा. स्मशानाच्या दाराशी गाडी बंद करून बाजूला लावावी, आणि पुढची वाट घरच्यांना मोकळी करून द्यावी.