दारावरचा माणूस कोणाचा?

मंडळी, आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानाला माणसे येतात ती संतांवर, स्वातंत्र्यावर, निदान महागाईवर काही ऐकायला मिळेल म्हणून. आणि मी बोलणार आहे ते दारावर होणाऱ्या झडतीवर. परंतु थोडा विचार करून पाहा. सुट्टी लागली की आपण मुलाबाळांना घेऊन करमणुकीच्या बागेत जातो. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले, २०१३ साली खालापूरजवळ इमॅजिका निघाले. आज अशा कोणत्याही बागेच्या, मॉलच्या किंवा सिनेमागृहाच्या दारात आधी पिशवी उघडावी लागते, मग चौकटीतून जावे लागते, मग हात पसरून उभे राहावे लागते. पाच वर्षांचे पोरही न सांगता हात पसरते. हे आपण केव्हा शिकलो, आणि यात आपले रक्षण किती व मानहानी किती, हा इतिहासाचाच प्रश्न आहे.

हा इतिहास पाहताना मी एकच प्रश्न हाताशी धरला आहे : दारावर उभा असलेला माणूस कोणाचा?

लपविलेल्या शस्त्राची गोष्ट निघाली की मराठी माणसाला प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली. बरोबर माणसे किती असावीत, याच्या अटी वकिलांमार्फत ठरल्या होत्या. महाराजांच्या अंगात चिलखत होते. सभासदाच्या बखरीत बिचव्याचा आणि वाघनखांचा उल्लेख आहे. खानाजवळ सय्यद बंडा उभा होता, त्याला दूर करावयास लावल्याचीही हकीकत आहे. खानाचा वार चिलखताने अडविला आणि पुढे काय घडले ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही पराक्रमाची कथा आहेच. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या शामियान्याच्या दारावर दोघांचाही विश्वास बसेल असा तिसरा माणूस नव्हता. तसा माणूस नव्हता म्हणून प्रत्येकाने आपले रक्षण आपल्याच अंगावर बाळगले. जेथे समाईक द्वारपाल नसतो, तेथे शहाणा माणूस चिलखत घालूनच जातो.

पुढे इंग्रजी राज्यात द्वारपाल आला, परंतु तो समाईक नव्हता. १८५७ च्या उठावानंतर लोकांची हत्यारे काढून घेण्याचे धोरण सुरू झाले आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सूट राहिली. कायदा एकच, पण तो कातडीचा रंग पाहून लागू होई. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यात दुरुस्ती मागितली, ती उगीच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. त्या वेळच्या नियमांत धारदार शस्त्रांची व्याख्या मोठ्या विचाराने केलेली दिसते. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे तीत आली. काठीच्या पोटात पाते लपविलेली आपल्या ओळखीची गुप्तीही आली. परंतु घरकामाची, शेतीची, शास्त्रीय कामाची आणि कारखान्यातली हत्यारे वगळली गेली. म्हणजे विळी, कोयता, पटाशी ही काही गुन्हेगार नव्हेत. यातला अर्थ आम्हा कामगारांना लवकर कळतो. सुतार काम आटोपून परस्पर मुलांना घेऊन बागेत गेला, तर त्याच्या पिशवीत पटाशी असणारच. ती ठेवून घ्यावी, चिठ्ठी द्यावी, परत जाताना हाती द्यावी. त्याला चोरासारखे उभे करू नये. हा विवेक यंत्राला नसतो. तो दारावरच्या माणसाला असावा लागतो.

आता आपल्या चिंचपोकळीकडे येऊ. गिरणगावात झडती आली ती बॉम्बच्या भीतीने नव्हे. माझे वडील गिरणीत होते. पाळी सुटण्याच्या वेळी मी फाटकाबाहेर उभा राहत असे. माणसे रांगेने बाहेर येत, हात वर करीत, फाटकावरचा माणूस बगलेपासून पोटरीपर्यंत हात फिरवी आणि डब्याचे झाकण उघडून पाही. एकदा वडिलांच्या खिशात हात पुसायचा सुताचा गोळा राहिला म्हणून त्यांना अर्धा तास बाजूला उभे केले. पाळीतली सगळी माणसे पाहत पाहत पुढे गेली. शेवटी जा म्हणाले; चूक झाली असे कोणी म्हणाले नाही.

ती झडती बाहेर पडताना होई, आत जाताना नव्हे, हे ध्यानात घ्यावे. कामगाराने आत काय नेले याची फारशी काळजी नसे. त्याने बाहेर काय आणले याची असे. तेथे रक्षण होते ते मालाचे. दारावरचा माणूस मालकाचा होता आणि त्याने ते कधी लपविलेही नाही.

परंतु कामगारांनी झडती मुकाट्याने सोसली असे नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गिरण्यांचे स्थायी आदेश हा वादाचा मोठा विषय होता आणि फॉसेट समितीपुढे त्यांची छाननी झाली. पुढे १९३८ च्या मुंबईच्या कायद्याने आणि १९४६ च्या केंद्रीय कायद्याने स्थायी आदेश लेखी व मंजूर झालेले असावेत असे ठरले. मालकाची मर्जी जाऊन नियम आला. झडतीसारख्या गोष्टीतही नियम हा माणसाच्या अब्रूचा पहिला पहारेकरी असतो. स्त्रीची झडती स्त्रीनेच आणि शालीनता राखून घ्यावी, हा दंडक १८९८ च्या फौजदारी संहितेत होता, १९७३ च्या संहितेत राहिला आणि २०२३ च्या नव्या संहितेतही आहे. राज्ये बदलली, दंडक टिकला, कारण तो रास्त आहे.

आत जाणाऱ्याची झडती सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला प्रथम आली ती विमानतळावर. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ नावाचे आपले विमान श्रीनगरहून निघाले असता लाहोरला पळवून नेण्यात आले; पळविणाऱ्यांजवळचे पिस्तूल आणि हातबॉम्ब दोन्ही नकली निघाले. अमेरिकेत विमानांच्या पळवापळवीला कंटाळून १९७३ च्या जानेवारीपासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. नकली शस्त्राचाही धाक खरा असतो, हे तेव्हापासून सर्वांना कळले. २०१५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डिस्नेच्या बागांनी दारावर धातुशोधक चौकटी बसविल्या, तेव्हा खेळण्यातल्या बंदुकांची विक्रीही बंद केली.

आपल्याकडे हे वळण रक्त सांडून आले. १२ मार्च १९९३ ला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली; त्यांत आपल्या दादरचे प्लाझा सिनेमागृहही होते. २५ ऑगस्ट २००७ च्या संध्याकाळी हैदराबादच्या लुंबिनी पार्कात लेसरचा खेळ पाहायला जमलेल्या लोकांमध्ये बॉम्ब फुटला. त्याच सुमारास कोटी भागातल्या गोकुळ चाट या उपाहारगृहात दुसरा फुटला. दोन्हीकडे मिळून चाळिसांहून अधिक माणसे मेली. संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीसाठी तेथे आले होते. त्यांतले सात जण परत आले नाहीत. करमणुकीच्या बागेत मुलांना पाठविणाऱ्या आईबापांना त्या सात घरांची आठवण पुरेशी आहे. म्हणून झडतीच नको असे म्हणणाऱ्यांत मी नाही.

परंतु झडतीने खरोखर काय साधते? दाराच्या चौकटीत तारेची वेटोळी असतात. त्यांत विजेने चुंबकी क्षेत्र निर्माण होते आणि धातू जवळ आला की त्यात फरक पडतो. किल्ली असो, पट्ट्याचे बक्कल असो की सुरा असो, यंत्र ओरडते. स्फोटक पदार्थ धातूचाच असतो असे नाही, म्हणून पिशवीसाठी क्ष-किरणांचे यंत्र लागते. तेही फक्त चित्र दाखविते. ओरडणे ऐकायचे की नाही, चित्र पाहायचे की नाही, हे माणूस ठरवितो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये दोघे जण पिशव्यांतून रायफली घेऊन शिरले. त्यांतला एक जिवंत सापडला तो गिरगाव चौपाटीवर, आणि कोणत्या यंत्रामुळे नव्हे. हाती केवळ काठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी रायफलीची नळी सोडली नाही म्हणून. त्यांनी त्यात प्राण दिला.

तेव्हा सगळे येऊन थांबते ते दारावरच्या माणसाशी. आज तो कोण आहे? बहुधा कंत्राटावरचा तरुण. आमच्या युनियनच्या कचेरीत असे रखवालदार येतात, तेव्हा बारा तासांची पाळी, बसायला स्टूल नाही, गणवेशाचे पैसे पगारातून कापलेले, हेच ऐकू येते. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा केला, मंडळ स्थापले. पण त्यातच सूट देण्याचे कलमही ठेवले आणि त्या कलमातून पुष्कळ एजन्सी बाहेर पडल्या. २००५ च्या केंद्रीय कायद्याखालील नमुना नियमांत रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण सांगितले आहे. भेटलेल्यांपैकी कित्येकांना विचारले तर, टोपी दिली आणि उभे केले, एवढेच ते सांगतात.

आणि त्याला पाहायला काय सांगितलेले असते? एका रखवालदाराने मला सरळ सांगितले, “साहेब, चाकू सुटला तर कदाचित कोणाला कळणारही नाही, पण पोळीभाजीचा डबा आत गेला तर सुपरवायझर माझी हजेरी कापतो.” बाहेरचे खाणे आत गेले तर आतल्या उपाहारगृहाचा गल्ला बुडतो! म्हणजे जी झडती आपल्या जिवासाठी म्हणून सांगितली जाते, ती निम्मी गल्ल्यासाठी होते. मंडळी, येथे मला गिरणीचे फाटक आठवते. तेव्हा बाहेर जाणारा डबा उघडीत, आता आत जाणारा उघडतात. यात खरा धोका असा की, ज्याची नजर दिवसभर डबे शोधण्यात थकली, त्याला शस्त्र दिसत नाही.

म्हणून मागणी झडती बंद करण्याची नव्हे, ती खरी करण्याची आहे. शस्त्राची तपासणी आणि खाण्याची तपासणी एका माणसाकडे असू नये. मोटारीतून येणाऱ्यालाही तोच नियम लागावा. स्त्रियांसाठी स्त्री रक्षक आणि आडोसा असावा. रांग दाराबाहेर तासभर तुंबू देऊ नये, कारण तुंबलेली गर्दी हेच घातपात्याचे सोपे लक्ष्य असते. हे १९२० पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणाऱ्या आमच्या चिंचपोकळीच्या कार्यकर्त्यांना सांगावे लागत नाही. आणि रक्षकाला आठ तासांची पाळी, पूर्ण शिक्षण व कायम नोकरी मिळावी. अर्धपोटी, झोपाळलेल्या माणसाच्या हाती शेकडो पोरांचा जीव सोपवून मालकाने वाचविलेले पैसे ही बचत नव्हे.

प्रतापगडावर समाईक द्वारपाल नव्हता. इंग्रजांचा द्वारपाल गोऱ्यांचा होता, गिरणीचा द्वारपाल मालकाचा होता. स्वतंत्र देशातल्या बागेच्या दारावरचा माणूस आत येणाऱ्या सर्वांचा असला पाहिजे. पुढच्या वेळी त्याच्यापुढे हात पसराल तेव्हा, बाबा, तुझी पाळी किती तासांची, एवढे त्याला जरूर विचारा. त्याचे उत्तर आठ तास असे येईल त्या दिवशी आपली मुले त्या बागेत पुष्कळ सुरक्षित असतील.