डेरी शहराची पुनर्बांधणी

ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपल्या वाडवडिलांनीं उभारलेल्या वास्तूंचें स्मरण करितों. अशा समयीं, कलहानें उद्ध्वस्त झालेलें एक दूरचें शहर तेथील रहिवाशांनीं पुन्हां कसें उभें केलें, हें वाचकांपुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें. तें शहर म्हणजे उत्तर आयर्लंडांतील डेरी होय. एक पक्ष त्यास लंडनडेरी म्हणतो. नांवावरूनहि तेथें तंटा आहे.

डेरीचा कोट १६१३ ते १६१९ या काळांत बांधला गेला. कोटाखालच्या बॉगसाइड नामक सखल भागांत गरीब कॅथॉलिकांची दाट वस्ती होती. विसाव्या शतकांत कॅथॉलिक संख्येनें अधिक होते; तथापि मतदार-विभागांच्या सीमा अशा आंखल्या होत्या कीं, नगरपालिका युनियनिस्ट पक्षाच्याच हातीं राही. नगरपालिकेचें मत घरवाल्यास मिळे. म्हणून नवें घर देणें म्हणजे नवें मत देणें, असा हिशेब होता. आणि एकेका घरांत अनेक कुटुंबें दाटीवाटीनें राहत.

या स्थितींत लोकांनीं आपल्याच शिलकेवर भरंवसा ठेविला. १९६० सालीं जॉन ह्यूम हे तरुण शिक्षक, पॅडी डोहर्टी व त्यांचे कांहीं स्नेही यांनीं क्रेडिट युनियन, म्हणजे सहकारी पतपेढी, स्थापिली. शेजाऱ्यानें आठवड्यास टाकलेली अल्प रक्कम दुसऱ्या शेजाऱ्यास माफक व्याजानें मिळूं लागली. १९६५ सालीं फादर अँथनी मल्व्ही व ह्यूम यांच्या पुढाकारानें गृहनिर्माण संस्था निघाली. तिनें अनेक कुटुंबांस निवारा दिला; परंतु तिच्या मोठ्या वसाहतीस नगरपालिकेनें परवानगी नाकारली.

पुढें असंतोष भडकला. ३० जानेवारी १९७२ रोजीं ब्रिटिश सैनिकांनीं नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशीं मृत्यु पावले व चौदावा मागाहून. एका जखमी तरुणास वाहून नेणाऱ्यांच्या पुढें रक्ताळलेला पांढरा रुमाल हालवीत चालणारे फादर एडवर्ड डॅली सर्व जगानें पाहिले. त्यानंतर आय. आर. ए. च्या बाँबनीं शहराच्या मध्यभागाची नासधूस केली. अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबें फॉइल नदीपलीकडे राहावयास गेलीं.

१९८१ सालीं डोहर्टी यांनीं ‘इनर सिटी ट्रस्ट’ उभारला. बिशप झालेले डॅली व चर्च ऑफ आयर्लंडचे बिशप जेम्स मेहॅफी हे दोघेहि या कार्यांत एकत्र आले. बेकार तरुण बाँबनें पडलेल्या जागांवरच सुतारकाम व गवंडीकाम शिकले. कोटाच्या आंत कारागिरांचें ‘क्राफ्ट व्हिलेज’ वसलें. नव्यानें बांधलेल्या बुरुजांत १९९२ सालीं शहराचें संग्रहालय उघडलें. १९९८ सालीं शांततेचा करार झाला, त्यापूर्वींच हीं कामें उभीं राहिलीं होतीं, हें आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें.

सर्व कांहीं साधलें, असें मात्र म्हणवत नाहीं. बेकारी हें डेरीचें जुनें दुखणें आहे; २०१९ सालीं क्रेगन वस्तींत एक तरुण स्त्री-पत्रकार गोळीस बळी पडली. भिंत पुन्हां रचावयास कांहीं वर्षें पुरतात. विश्वासास पिढ्या लागतात. तरी २०१५ सालीं शहरानें दोन्ही वृद्ध बिशपांना एकाच समारंभांत नागरिकत्वाचा मान दिला. दोघांनीं तो एकत्र स्वीकारला, यांतच त्यांच्या कार्याचें सार आहे.