हाड मोडले तरच दुखापत?

खाणीत छप्पर कोसळते. एक जण दगावतो, दुसऱ्याचा पाय जातो, तिसरा अंगावर ओरखडाही न उमटता बाहेर येतो. पहिल्याच्या वारसांना भरपाई मिळते. दुसऱ्याला पाय कुठून कापावा लागला त्या हिशेबाने मिळते. तिसरा महिन्याभरात झोपेतून किंचाळत उठू लागतो, छपरातून खडा पडला तरी थरथरतो आणि खाली उतरायला साफ नकार देतो. त्याच्याविषयीचे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे: याला काही झालेले नाही.

हे उत्तर केवळ मालक किंवा व्यवस्थापन देते असे नाही. कायदा जाणणारी, कामगारांविषयी आस्था असणारी माणसेही ते देतात. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष पाडण्यात काही मोठेपणा नाही. ते म्हणतात, भरपाईचा कायदा शरीराच्या दुखापतीसाठी आहे. त्याच्या अनुसूचीत हात, पाय, डोळे, कान आहेत, मन कुठेही नाही. मनाची इजा दिसत नाही, मोजता येत नाही, म्हणून तिचे सोंग आणणे सोपे. तिचे मूळ खाणीत की घरातल्या कर्जात, दारूत की स्वभावात, हे कोण ठरवणार? शिवाय पैसे मिळत राहिले तर माणूस बरा कशाला होईल? आणि शेवटचे, थोडे खालच्या आवाजात सांगितले जाणारे कारण: खाणीत जाणाऱ्याला धोका ठाऊकच असतो.

यातले एकही कारण मूर्खपणाचे नाही. पण एकही टिकत नाही.

कायद्याच्या मुद्द्यावर पूर्वपक्ष सर्वात निर्धास्त असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. आपला १९२३ चा भरपाई कायदा तिसऱ्या कलमात मालकाची जबाबदारी सांगत होता ती नोकरीतून व नोकरीच्या ओघात घडलेल्या अपघातामुळे झालेल्या ‘व्यक्तिगत दुखापती’साठी. ‘शारीरिक’ हा शब्द तिथे नव्हता. ही रचना आपण स्वतः घडवलेली नाही. ब्रिटनच्या १८९७ आणि १९०६ च्या कायद्यांतून ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली. तेव्हा त्या शब्दांचा तिकडे काय अर्थ लागत होता, हा प्रश्न अटळ आहे.

उत्तर कोळसा खाणीतूनच येते. येट्स नावाचा एक कोळसा कामगार इंग्लंडमधल्या साउथ कर्कबी कंपनीच्या खाणीत काम करत होता. जवळच सहकारी गंभीर जखमी झाला. येट्स मदतीला धावला आणि त्याने जे पाहिले त्याच्या धक्क्याने तो कामाला निकामी झाला. त्याच्या स्वतःच्या अंगाला काहीही लागले नव्हते. १९१० मध्ये प्रकरण अपील न्यायालयात गेले. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती फारवेल यांच्या म्हणण्याचा आशय असा, की माणसाला कामासाठी निकामी करणारा मज्जातंतूंचा धक्का हा पाय मोडण्याइतकाच अपघाताने झालेली व्यक्तिगत दुखापत आहे. त्याच्या आदल्याच वर्षी वेल्समधल्या ब्लेनक्लायडक कोलियरीच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले होते, की स्नायूंची जखम भरून आली तरी तिच्यामुळे उद्भवलेली मज्जाविकृती उरली असेल, तर भरपाई थांबत नाही.

भारतीय कायदेमंडळाने १९२३ मध्ये हे शब्द घेतले तेव्हा हे निकाल छापून एक तपाहून अधिक काळ लोटला होता. परक्या कायद्यातला शब्दप्रयोग आपण मुद्दाम उचलला, तर त्याचा तिथे ठरलेला अर्थही विचारात घ्यायचा, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम आहे. इंग्रजी निकाल आज आपल्यावर बंधनकारक नाहीत, हे मान्य. पण मनाची इजा वगळायची असती तर कायदेमंडळाला कोणी अडवले होते? वगळायचे ते त्याने स्पष्ट वगळले होते: मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, तर दारूच्या अमलाखाली इजा करून घेतलेल्याला, आणि सुरक्षासाधन जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला. सहकाऱ्याचा चेंदामेंदा झालेला पाहून ज्याचे मन मोडले, तो त्या यादीत नव्हता.

राहिली अनुसूची. त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अवयवांचीच नावे होती, हे खरे. पण चौथे कलम पुढे वाचा. अनुसूचीत नसलेल्या दुखापतीमुळे कमाईची क्षमता कायमची किती घटली, हे पात्र डॉक्टराने ठरवायचे आणि त्या प्रमाणात भरपाई द्यायची, असे ते सांगत होते. म्हणजे अनुसूची ही हिशेबाची सोय आहे, दुखापतींची सीमा नव्हे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा कायदा आपल्यात सामावून घेतला, तेव्हाही ‘व्यक्तिगत दुखापत’ हेच शब्द ठेवले. संधी होती, तरी दार बंद केले नाही.

दार बंद करायचे तर ते कसे करतात, हे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाने दाखवले आहे. हे राज्य कोळशावर जगले. त्याच्या भरपाई कायद्यात स्वतंत्र कलम आहे: इजेचे कारण केवळ अशारीरिक असेल आणि शरीराला इजा वा रोग झालेला नसेल, तर भरपाई नाही. आमचे प्रतिपक्षी हे उदाहरण आपल्या बाजूचे म्हणून देतात. मला ते नेमके उलट वाटते. ‘दुखापत’ म्हटल्यावर मन आपोआप बाहेर पडत असते, तर त्या विधिमंडळाला वेगळे कलम लिहायची गरज काय होती? आणि पुढे २०२१ मध्ये त्याच राज्याने अग्निशामक, पोलीस अशा प्रथम मदतकर्त्यांच्या आघातोत्तर तणाव विकाराला भरपाई देण्याची वाट उघडली, मालकाच्या मर्जीवर का होईना. अग्निशामकाचे मन मोजता येते आणि खाणकामगाराचे येत नाही, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिले आहे?

मोजण्याचा मुद्दा आपल्याकडे तर केव्हाच निकाली निघाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हे दिव्यांगत्व आहे आणि त्याची टक्केवारी काढायला ‘आयडियाज’ ही भारतीय मोजपट्टी सरकारनेच मान्य केली आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार बाबी, शिवाय आजार किती काळ आहे, यांवरून गुण दिले जातात. त्या प्रमाणपत्रावर सवलती मिळतात, राखीव जागा मिळतात. जे सरकार नोकरीच्या अर्जासाठी मनाच्या आजाराची टक्केवारी मानते, त्याचाच भरपाई आयुक्त ती मोजता येत नाही असे कसे म्हणणार?

आता सोंगाचा प्रश्न. इथे पूर्वपक्षाला मी त्याच्यापेक्षा जास्त बळ देतो, कारण आमच्या विदर्भातल्या खाणपट्ट्यात, चंद्रपूर-बल्लारपूरपासून वणी-उमरेडपर्यंत, ‘अनफिट’ या शब्दाला वजन आहे. राष्ट्रीय कोळसा वेतन कराराच्या ९.४.० कलमाखाली कायमचा निकामी ठरलेल्या कामगाराच्या एका वारसाला नोकरी देण्याची तरतूद आली. मुलाची कायमची नोकरी ज्या कागदावर टांगलेली असते, त्यासाठी मोह होणारच. तो नाकारणे भाबडेपणा होईल. पण हा मोह मनाच्या आजारापुरता आहे काय? पाठदुखीचे सोंग येत नाही? दृष्टी अधू झाल्याचे येत नाही? तिथे आपण तपासणी कडक करतो. पाठीचा कणा कायद्यातून काढून टाकत नाही. १९२३ च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने मालकाला स्वतःच्या डॉक्टरकडून कामगाराची तपासणी करून घेण्याचा हक्क दिला होता, आणि कामगाराने नकार दिला तर त्याचा दावा तेवढ्यापुरता स्थगित होत असे. सोंगावरचा उपाय कायद्यात शंभर वर्षे पडून आहे.

सोंगाच्या आरोपाची एक जुनी गोष्ट या वादात कोणी काढत नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो. ब्रिटनच्या खाणींत मिणमिणत्या सुरक्षादिव्याच्या उजेडात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे डोळे आपोआप लुकलुकत हलू लागत. सोबत डोकेदुखी, भोवळ, उजेड सहन न होणे, आणि बऱ्याचदा चिंता व खिन्नता. या नेत्रकंपाला १९०७ मध्ये भरपाईयोग्य व्यवसायजन्य रोगांत स्थान मिळाले. दाव्यांची संख्या वाढली आणि ओरड सुरू झाली, की हे कामचुकार आहेत, पेन्शनीचा हा रोग आहे. तज्ज्ञही विभागले गेले. डोळे हलतात हे दिसत होते. त्यामागची मनाची पडझड किती खरी, यावर वैद्यकीय संशोधन परिषदेची समिती नेमावी लागली आणि तिने १९२० च्या दशकात अहवाल दिले. अखेर खाणीतला उजेड सुधारत गेला, आणि तसा रोग ओसरत गेला. सोंगाला कधी उजेडाने बरे वाटते का? भरपाईच्या दाव्यांनीच त्या रोगाचा आकार दाखवला होता. दावे नाकारले गेले असते तर काही हजार माणसे ‘आळशी’ म्हणून विसरली गेली असती, इतकेच.

मनाचा आघात हा अलीकडच्या मानसशास्त्राचा लाड आहे, असेही कुजबुजले जाते. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरिएर खाणीत स्फोट होऊन १,०९९ माणसे मेली. तेरा जण वीस दिवसांनी अंधारातून जिवंत बाहेर आले. एदुआर्द श्टीर्लिन या स्विस मानसरोगतज्ज्ञाने तिथे बचावलेल्यांचा अभ्यास केला आणि १९०९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आपत्तीनंतरच्या मनोविकारांचा शास्त्रीय अभ्यास जिथून सुरू झाला, त्या पहिल्या ठिकाणांत कोळशाची खाण आहे.

कार्यकारणाचा मुद्दा थोडक्यात. घरची भांडणे, कर्ज, दारू हेही कारण असेल, तर मालक का भरील? याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याच्या मृत्यूवरील, १९५४ च्या निकालपत्रांत छापलेल्या निर्णयात दिले. मुख्य न्यायमूर्ती छागला होते. पहारेकऱ्याचे हृदय आधीच दुबळे होते. पण काम हे मृत्यूचे एक सहायक कारण असेल किंवा कामामुळे मृत्यू लवकर ओढवला असेल तर मालक जबाबदार, असे न्यायालयाने ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ताणाचा पुरावा हवाच, अशी अट घट्ट केली. ठीक आहे, पुरावा मागा. आधीच दुबळ्या हृदयाला जो नियम, तो आधीच थकलेल्या मनाला का नाही?

पैशाने आजार टिकतो या मताचे सर्वात नामांकित पुरस्कर्ते न्यूकॅसलचे मज्जातज्ज्ञ हेन्री मिलर. दावा निकाली निघाला की रुग्ण बरा होतो, असे त्यांनी १९६१ मध्ये मांडले आणि पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी ते उद्धृत केले. पण टार्श आणि रॉयस्टन यांनी १९८५ मध्ये अशाच रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा पैसे मिळाल्यावरही बरेच जण कामावर परतलेले नव्हते. शिवाय आपल्याकडची रक्कम तरी केवढी? तात्पुरत्या निकामीपणात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या पंचवीस टक्के, आणि २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबात धरायचे वेतन कमाल १५,००० रुपये. म्हणजे ३,७५० रुपये. एवढ्यासाठी कोळसा खाणीतला पगार सोडून कोणी वर्षानुवर्षे वेडाचे नाटक करील? आणि करीलच, तर १९२३ च्या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली हे हप्ते फेरतपासून कमी किंवा बंद करता येत होते.

‘धोका पत्करलाच होता’ याला तर उत्तराचीही गरज नसावी. तो बचाव मोडून काढण्यासाठीच भरपाईचे कायदे जन्माला आले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. एका घटनेचा धक्का आणि वर्षानुवर्षे साचलेला ताण यांत फरक आहे. दुसऱ्याला ‘अपघात’ म्हणणे ओढाताणीचे आहे. त्यासाठी व्यवसायजन्य रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत भर घालावी लागेल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० च्या आपल्या यादीत आघातोत्तर तणाव विकार घातला. आपल्या अनुसूचीत कोळशाच्या धुळीने काळवंडलेली फुप्फुसे आहेत, मनाचा एकही आजार नाही. ही उणीव सरकारने अधिसूचना काढून भरावी.

पण छप्पर कोसळताना शेजारी उभ्या असलेल्याला, २७ डिसेंबर १९७५ ला चासनालाच्या कोळसा खाणीत ३७५ जण बुडाले त्यानंतर प्रेते वर काढणाऱ्याला, १९८९ मध्ये महाबीर कोलियरीतून पोलादी कॅप्सूलमध्ये बसून वर आलेल्या पासष्ट जणांसारख्या कुणाला, अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नव्हते आणि आजही तशा माणसाला नाही. घटना एकच, तारीख ठरलेली, साक्षीदार हजर. मानसोपचारतज्ज्ञाचे कमाईक्षमतेवरचे प्रमाणपत्र जोडावे, येट्सचा निकाल जोडावा, कायद्याच्या मुदतीत भरपाईसाठी अर्ज करावा. ‘व्यक्तिगत दुखापती’त मन येत नाही, हे मग प्रतिपक्षाने लेखी कारणांसह सिद्ध करावे.