बोरू, काजळ आणि हरताळ

मराठवाड्यातल्या जुन्या लेखनिकाचे मुख्य हत्यार म्हणजे बोरू. पाणथळीत उगवणाऱ्या पोकळ दांड्याच्या या गवताचा वीतभर तुकडा वाळवायचा, चाकूने एका टोकाला तिरकी छाट द्यायची आणि टोकाच्या मधोमध बारीक चीर पाडायची. शाई याच चिरेतून उतरते. चीर वाकडी गेली तर अक्षर फुटते. टोक झिजले की पुन्हा छाट, म्हणून चाकू दौतीशेजारीच असे. नांदेड-लातूरकडच्या कुलकर्ण्यांचे दप्तर काय आणि माहूर परिसरातल्या महानुभावांच्या पोथ्या काय, दोन्ही बोरूनेच लिहिली गेली.

खरी कसोटी शाईची. तेलाच्या दिव्यावर भांडे पालथे धरून काजळ जमवायचे, भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात कालवून खलात खूप वेळ घोटायचे. डिंक कमी पडला तर अक्षर कागदावरून झडते, जास्त झाला तर शाई बोरूतच अडकते. काजळ उजेडाने विटत नाही. कागद तपकिरी पडलेल्या पोथीतही अक्षर काळेभोर दिसते ते त्यामुळेच. प्राचीन इजिप्तचे लेखनिकही काजळी आणि डिंकाचीच काळी शाई वापरत. तांबडी शाई ते गेरूची करत, मराठी पोथीत दंड आणि अध्यायसमाप्तीसाठी हिंगूळ असे.

लातूरशेजारच्या अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (1551–1615) यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. त्यांनी 'पंचीकरण' लिहिले ते कागदावर नव्हे, तर सुमारे 40 फूट लांबीच्या पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर. एरवी कागद मराठवाड्यातच, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, चिंध्यांच्या लगद्यापासून होई. तो दगडाने घोटून गुळगुळीत करत, नाहीतर बोरू अडखळतो आणि शाई फुटते.

दप्तरात मोडी चाले. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिला अक्षरे लटकवत जायची. वळणे अशी की बोरू फारसा उचलावा लागत नाही, हिशेब भराभर उतरतो. पोथीचे काम मात्र सावकाश, बाळबोधीत. तिथे चूक झाली तर खरवडायची सोय नव्हती. त्या जागी पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि वाळल्यावर वरून नवे अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार इथूनच आला.

पुढे पोलादी टाक आला. त्याला छाट द्यावी लागत नसे, त्यामुळे लेखनिकाचा चाकू सुटला. बोरू उरला तो शाळेत, कित्ता गिरवण्यापुरता.