कटकथेतील इतिहास : पुराव्याचे रूपांतर

इतिहासातील दडवलेल्या रहस्याभोवती रचलेल्या थरारक कादंबरीचा विचार बहुधा 'लोकप्रिय साहित्य' या सदरात उरकला जातो. तिच्यातील ऐतिहासिक चुका दाखवल्या, की समीक्षेचे कार्य संपले असे मानले जाते. परंतु या प्रकारातील मूळ प्रश्न चुकांचा नसून, पुराव्याकडे तेथे कोणते कार्य सोपवले जाते, हा आहे.

डॅन ब्राऊन यांच्या 'द दा विंची कोड' (२००३) या कादंबरीच्या आरंभी 'तथ्य' या शीर्षकाचे एक पान आहे. 'प्रायरी ऑफ सायन' ही १०९९ मध्ये स्थापन झालेली गुप्त संघटना खरी असून तिची कागदपत्रे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९७५ मध्ये सापडली, असे तेथे म्हटले आहे. प्रत्यक्षात या नावाची संस्था पिएर प्लांतार व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली. लिओनार्दो, न्यूटन यांना तिचे प्रमुख ठरवणारी टंकलिखिते १९६० च्या दशकात याच वर्तुळातून ग्रंथालयात दाखल झाली. कागद सापडला नव्हता. तो सापडावा म्हणून ठेवलेला होता.

अस्सल कागद आणि बखर यांतील भेद मराठी अभ्यासकांना वि. का. राजवाडे यांच्यापासून परिचित आहे. कागद कोणी, केव्हा, कशासाठी लिहिला, हे प्रश्न त्या भेदाच्या मुळाशी आहेत. कटकथा नेमके हेच प्रश्न स्थगित करते. इतिहासकार पुरावा तोलतो; येथे पुराव्याने कुलूप उघडते. शंभराहून अधिक छोटी प्रकरणे आणि अखंड पाठलाग यांमुळे शंकेला अवकाशच उरत नाही. शिवाय पुरावा न मिळणे हाच तो दडपल्याचा पुरावा ठरतो. असे प्रतिपादन कोणत्याही साधनाने खोडता येत नाही, आणि म्हणूनच ते इतिहासाच्या कक्षेबाहेर जाते.

या कादंबरीच्या आधारांपैकी एक असलेल्या 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' (१९८२) या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी दोघांनी प्रकाशनसंस्थेविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. २००६ मध्ये तो फेटाळला गेला. इतिहास म्हणून मांडलेल्या प्रतिपादनावर निर्मितीचा हक्क सांगण्याची वेळ त्यांच्यावर यावी, यातील विसंगती बोलकी आहे. जे घडले त्यावर कोणाची मालकी नसते; जे रचले त्यावरच ती सांगता येते.

उम्बेर्तो एको यांच्या 'फुकोज पेंड्युलम' (१९८८) या कादंबरीने ही प्रक्रिया आधीच कथाविषय केली होती. मिलानच्या प्रकाशनसंस्थेतील तिघे संपादक गंमत म्हणून एक जागतिक कट रचतात; त्यावर विश्वास ठेवणारे भेटतात आणि खेळ प्राणांवर बेततो. ज्या कागदावर सारा डोलारा उभा असतो, तो व्यापाऱ्याची साधी यादी असू शकतो, हे त्यांच्यापैकी एकाची सहचारिणी दाखवून देते. ब्राऊन यांच्या कादंबरीत अर्थ एकच आणि तो गुप्त असतो. एको यांच्या कादंबरीत अर्थ लावण्याची हावच तपासली जाते.

या दोन कादंबऱ्यांमधील अंतर केवळ अभिरुचीचे नाही. रहस्य उलगडल्याचा आनंद कल्पित साहित्यात निर्दोष असतो. परंतु 'तथ्य' या शिक्क्याने तो इतिहासज्ञानाची जागा घेऊ लागतो, तेव्हा वाचकाची पुरावा मागण्याची सवय मोडते. कटकथेच्या समीक्षेने प्रथम त्या शिक्क्याचे वाचन केले पाहिजे.