घराण्यांतील जुन्या बंदुका : एक ऐतिहासिक ठेवा

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने गावात जुन्या वस्तूंविषयी आस्था निर्माण झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. याच वेळी आणखी एका ठेव्याकडे ग्रामस्थांचे व देणगीदार बंधुभगिनींचे लक्ष वेधावेसे वाटते. खंडेनवमीस तलवारीशेजारी पाटावर मांडली जाणारी आणि एरवी विस्मरणात गेलेली पणजोबांची बंदूक, हाच तो ठेवा होय.

अशी बंदूक किती जुनी, हे तिच्या रचनेवरून कळते. सर्वांत जुनी ती तोड्याची. नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाची, कानापाशी रंजक भरावयाची व पेटत्या तोड्याने ती शिलगावयाची, असा तिचा प्रकार. पावसात तोडा विझे आणि बंदूक निरुपयोगी होई. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्या घोड्यात गारगोटी बसविलेली असे; ती पोलादावर आपटून ठिणगी पडे. महादजी शिंद्यांच्या पदरी डी बॉयन या सेनानीने उभ्या केलेल्या कवायती पलटणींच्या हाती अशाच बंदुका होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केपाची बंदूक रूढ झाली. काडतूस मागून भरावयाच्या बंदुका त्यानंतरच्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आरंभी चार अक्षरांचे बदामी चिन्ह, तर पुढे मुकुट धरलेला सिंह आढळतो. मात्र अशा चिन्हांच्या नकलाही होत असत, म्हणून केवळ चिन्ह पाहून निष्कर्ष काढू नये.

आज घरोघर अशी शस्त्रे थोडी का, याचे कारण इतिहासात आहे. 1818 साली पेशवाई संपली आणि शिलेदार व गडकरी यांचे जुने जीवन पालटले. 1844 साली सामानगड व भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले, ते मोडून काढण्यात आले. 1857 च्या उठावानंतर सरकारने रयतेची शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला. मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी शस्त्रे देण्यास नकार दिला. तेव्हा गावावर फौज गेली, गाव जाळले गेले आणि कित्येकांना फाशी झाली. शस्त्र म्हणजे त्यांना केवळ लोखंड नव्हते, ती घराण्याची अब्रू होती. पुढे 1878 चा शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसास परवान्याची सक्ती आणि युरोपियनास मोकळीक, हा त्यातील भेद लोकांच्या मनात सलत राहिला. या सर्व फेऱ्यांतून जी बंदूक आपल्या माळ्यावर उरली, तिचे मोल यावरून ध्यानी यावे.

स्वातंत्र्यानंतर 1959 चा शस्त्र अधिनियम आला. त्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे, तो असा की जुन्या बंदुकीस परवाना लागत नाही. दुरुस्ती करूनही जी झाडता येणार नाही, अशाच जुनाट वा मोडक्या शस्त्रास सूट आहे. ठासणीची बंदूक चालती असेल अथवा दुरुस्त होण्याजोगी असेल, तर ती कितीही जुनी असली तरी परवाना हवाच. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यात मोजल्या जातात. परवानाधारक वारला की वारसांनी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वेळीच अर्ज करावा. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यास, अथवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली असल्यास, त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. भाऊबंदकीत हा अर्ज राहून जातो आणि तीन पिढ्यांची वस्तू ठाण्याच्या कोपऱ्यात गंजत पडते. याहून हळहळ वाटावी अशी दुसरी गोष्ट नाही.

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. अशी पुरावस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. तेव्हा दारी येणाऱ्या फिरत्या गिऱ्हाइकाच्या हाती ती देऊ नये.

जतनाविषयी दोन शब्द. जुनी बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालावे. कित्येकदा नळीत जुनी दारू तशीच राहिलेली असते. गज आत कानापर्यंत पोचत नसेल तर हात न लावता जाणत्या परवानाधारक कारागिरास दाखवावी. विस्तवाजवळ नेऊ नये. हौसेने बार काढून पाहणे तर जिवावरचे ठरेल. विटकरीने वा चिंचेने घासल्यास नक्षी व अक्षरे जातात. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्यावा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, शस्त्रे जमविली आणि तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. आपल्याला एवढे साधणार नाही. परंतु बंदूक कोणाची, कोठून आली, कोणत्या चाकरीत मिळाली, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवणे प्रत्येक घरास शक्य आहे. सनदा व जुने परवाने असतील तर त्यांच्या नकला त्या वहीतच लावाव्यात. सांगणारी माणसे आज घरात आहेत. तोवरच हे काम उरकून घ्यावे, ही सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती.